दत्तारामच्या कागदावर मी मारलेली फुली

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पायाची नखं काढत बसलो होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. एका पायाची झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. फोनवर त्याची मुलगी, कविता. "काका, बाबा गेला..." एवढं म्हणून ती थांबली. मी म्हटलं, "कुठे गेला? दुकानात?" खरंच सांगतो, मला तसंच वाटलं. दत्ताराम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तो माझ्याआधी कुठे जाणार? मग ती म्हणाली, "बाबाने चहा घेतली, खुर्चीत बसला आणि मग उठलाच नाही. आई खूप रडतोय." ही पोर इथेच जन्मली, इथेच वाढली, तिची मराठी अशीच आहे आणि मी ती दर वेळी सुधारतो. त्या दिवशी मी काहीच सुधारलं नाही. एका पायाची नखं वाढलेली तशीच ठेवून मोजे चढवले आणि निघालो.

त्याला आता सात आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकबाई त्याच्या क्रियाकर्माला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, तुमच्या मित्रावर लिहा. मी म्हटलं, बाई, मी चौथी पास, तीही गुरुजींनी दया केली म्हणून. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. तर बोलतो तसंच लिहितो आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत माझी छाती व्हायची नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात ज्यांनी मला बोलताना ऐकलंय त्या सगळ्यांना ठाऊक आहे की 'कौन्सिलने माझ्या दत्तूला फसवून काढलं' ही गोष्ट मी दरवर्षी सांगत आलो. गणपतीला सांगितली, दिवाळीच्या फराळाला सांगितली, नव्याने पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना धरून धरून सांगितली. ती गोष्ट खोटी आहे. दत्तूची नोकरी माझ्या हातून गेली. आणि ती वाचवायची वेळ हातात होती तेव्हा मी गप्प बसलो.

माझं गाव खेडजवळचं, दत्तूचं खाडीच्या पलीकडचं. मी इकडे बोटीवरून आलो, मोज्यांच्या कारखान्यात लागलो, तो बंद झाल्यावर लेस्टरजवळच्या या छोट्या शहरात कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नोकरीला चिकटलो. दत्तू मागाहून आला, एका हॉटेलात कुक म्हणून परमिटवर. कुक कसला, भात सोडून त्याला काही येत नव्हतं. गिऱ्हाइकाला तो काय वाढायचा ते मालकालाच ठाऊक. परमिटची कटकट संपली तसा मी त्याला माझ्या टँकरवर ओढला. रस्त्याच्या कडेला गटाराच्या लोखंडी जाळ्या असतात ना, त्यांच्या खालचे खड्डे पाइप सोडून उपसायचे, हे आमचं काम. मी गाडी चालवायचो, दत्तू मागे पाइपवर. माझ्याहून लहान म्हणून मला भाऊ म्हणायचा, बघता बघता त्याची बायको सुलोचनाही भाऊ म्हणायला लागली. डेपोतले गोरे लोक तर आम्हाला सख्खे भाऊच समजायचे.

दत्तूचं काम बघण्यासारखं होतं. जाळी उचलण्याआधी तो बुटाच्या टाचेने तिच्यावर दोनदा ठोकायचा आणि आवाजावरून सांगायचा, भाऊ, अर्धी भरलीय. उचलून बघितलं की अर्धीच असायची. कुठल्या गल्लीत कुठलं झाड आहे, ते पानं कधी टाकतं, कुठली जाळी उलटी बसवलीय, सगळं त्याच्या डोक्यात. या शहरातल्या प्रत्येक जाळीशी तो वर्षातून चार वेळा बोलायचा. एकदा एका खड्ड्यातून दातांची अख्खी कवळी वर आली. मी म्हटलं, फेकून दे. हा माणूस ती डेपोत गरम पाण्याने धुऊन, कागदात गुंडाळून, दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत दारोदार फिरला. बाराव्या दारात एक म्हातारी निघाली, तिच्या नवऱ्याची होती. नवरा वारून वर्ष झालेलं. तिने ती कवळी घेतली, आणि आम्हाला आत बोलावून चहा दिला. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आता ती त्या दातांचं काय करणार, दत्तू?" तो म्हणाला, "ते तिचं ती बघेल. ठेवायचे की नाही ते तिने ठरवायचं, आपण कोण?"

त्याच्या घरी मी दर गुरुवारी जायचो. दत्तू गुरुवारचा उपास धरायचा, सुलोचना खिचडी करायची, आणि आठवडाभराची पत्रं ती घड्याळामागे खोचून ठेवायची ती माझ्यासमोर आणून टाकायची. वाचा, भाऊ. मी चष्मा लावायचो, पत्र लांब धरायचो, हं हं करायचो. मला किती वाचता येतं हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रस्त्यावरच्या पाट्या येतात, डेपोच्या बोर्डावरच्या नोटिसा येतात. पत्र आलं की मी पहिली ओळ वाचायचो, शेवटची वाचायचो, कुठे तारीख आहे, कुठे आकडा आहे ते बघायचो आणि मधल्याचा अंदाज बांधायचो. विसातल्या अठरा वेळा अंदाज बरोबर यायचा, कारण घरी येणारी पत्रं बहुतेक सारखीच असतात. उरलेल्या दोन वेळांना कोणाचं फार काही बिघडलं नाही, म्हणून माझी भीड चेपली. मला हे समजत नाही, असं मी त्या टेबलावर एकदाही बोललो नाही. सुलोचना दुसऱ्यांदा खिचडी वाढायची, दत्तू माझ्या तोंडाकडे बघत असायचा... त्या सुखासाठीच मी जात होतो, आता कबूल करायला हरकत नाही.

मग ती वाईट वर्षं आली. सरकारकडे पैसे नाहीत, सगळ्यांनी पोट आवळायचं, असं टीव्हीवर रोज सांगायला लागले. मी त्याआधी दोन वर्षं गुडघ्यामुळे निवृत्त झालो होतो, माझी पेन्शन सुरू झालेली, त्यामुळे मला बोलायला काय जात होतं? मी दत्तूला सांगायचो, घाबरू नको, सरकारी नोकरी आहे, कोण हात लावतो बघू. डेपोत सगळ्यात आधी चहाचं मशीन गेलं. मग पगार आहे तिथेच थांबला. मग पेन्शनसाठी पगारातून जास्त कापणार आणि पेन्शन मिळणार उशिरा, असं ठरायला लागलं, तेव्हा संप झाला. दत्तू संपाला डेपोच्या फाटकावर डबा भरून शिरा घेऊन गेला. त्याचा मुकादम टेरी, चांगला माणूस, त्याने चमचाभर खाल्ला आणि विचारलं, ही लापशी इतकी गोड का? दत्तू म्हणाला, "भांडायला आलोय ना, तोंड गोड पाहिजे." टेरीने आणखी घेतला. संप एक दिवस चालला, मग सगळे कामावर गेले आणि कापायचं ते कापलंच.

त्यानंतर काही महिन्यांनी तो कागद आला. टँकरचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं ठरत होतं, कौन्सिलची थोडी माणसं ठेवणार होते, बाकीच्यांतून कोणी आपण होऊन जायला तयार आहे का, हे विचारणारा तो कागद. हे मला आज कळतंय. त्या गुरुवारी मला त्यातला एकच शब्द ओळखीचा निघाला, रिडंडन्सी. तो शब्द मी मोज्यांच्या कारखान्यात शिकलो होतो. तो आला की माणसं डबा घेऊन घरी जातात. मी म्हटलं, "दत्तू, तुला काढायचं बघतायत."

त्याचा चेहरा उतरला. "आणि तू आत्ता वाचलास तो दुसरा शब्द कसला, भाऊ? व्हॉलंटरी?"

"व्हॉलंटरी म्हणजे फुकट. आपल्या गणपतीत पोरं खुर्च्या मांडतात ना, ती सगळी व्हॉलंटरी."

"म्हणजे फुकटात घरी जा म्हणतायत?"

"तेच तर! म्हणून इथे चौकोन दिलाय. विचारतायत, चालेल का."

सुलोचना ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, कविता रविवारी येणार आहे कॉलेजातून. तिला दाखवायचं का एकदा?" मला अजून आठवतं, ती किती हळू बोलली. आणि मी किती मोठ्याने बोललो तेही आठवतं. "पोरीला विचारायला मी मेलोय का?" दत्तू लगेच म्हणाला, "नाही गं, भाऊ बघतोय ना." त्याने खिशातलं पेन काढून मला दिलं. मी तो चौकोन शोधला आणि त्यात ही एवढी मोठी फुली मारली. दोनदा गिरवली. पेनाने कागद फाटायला आला इतकी जोरात. नोकरी सोडायची? फुली! दत्तू हसला, त्याने खाली सही केली, तेवढी त्याला येत होती. सुलोचनेने आणखी खिचडी वाढली.

माझ्या शाळेत गुरुजी पाटीवर बरोबर उत्तरापुढे बरोबरची खूण करायचे आणि चुकलं की फुली. माझ्या पाटीवर फुल्याच जास्त असायच्या, त्यामुळे फुली म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होतं. फुली म्हणजे नाही. फुली म्हणजे चूक, रद्द, चालता हो. या देशात चाळीस वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं की इथल्या कागदावर जे पाहिजे त्यावर फुली मारतात. त्या चौकोनाच्या डोक्यावर ते लिहिलंही होतं, बारीक अक्षरात, पण ती ओळ मधली होती.

पुढच्या आठवड्यात दत्तूला ऑफिसात बोलावलं. दहा मिनिटं एक बाई काहीबाही बोलली. तो मला येऊन सांगतोय, "भाऊ, चांगली होती बाई. मला विचारते, हॅपी आहेस का? मी म्हटलं, व्हेरी हॅपी. एकोणतीस वर्षं हॅपी." आम्ही दोघंही खूश. आणि मग दुसरं पत्र आलं. गुरुवारी सुलोचनेने ते घड्याळामागून काढून दिलं आणि मी पहिल्याच ओळीत अडखळलो. प्लीज्ड असा शब्द होता. कौन्सिलला आनंद झाल्याचं पत्र मी जन्मात बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "हे लांबलचक आहे, घरी नेऊन नीट वाचतो." असं मी कधी केलं नव्हतं. दत्तूने पत्र घडी करून माझ्या कोटाच्या खिशात स्वतः ठेवलं.

घरी दोन दिवस मी डिक्शनरी घेऊन बसलो. एकेक शब्द काढून वहीत लिहिला. पत्राच्या मागे त्या पहिल्या कागदाची कॉपी जोडलेली होती. त्यावर माझी फुली, आणि तिच्या वर छापलेलं, तुम्हाला जायचं असेल तर या चौकोनात फुली करा... तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं समजलं. दत्तूने स्वतः अर्ज केला होता, कौन्सिलने आनंदाने मान्य केला होता, आणि त्याचा विचार बदलला असेल तर चौदा दिवसांत तसं लिहून कळवायचं होतं. चौदातले अकरा दिवस उरले होते. त्या वेळी दत्तूला पंचावन्न पूर्ण व्हायला सात महिने कमी होते. पंचावन्न झाल्यावर काढलं असतं तर त्याची पेन्शन लगेच, पूर्ण सुरू झाली असती. आधी गेला तर ती म्हातारपणापर्यंत तशीच बंद राहणार होती. हेही पत्रात लिहिलं होतं, आणि तेवढं मात्र मी बरोबर वाचलं.

मी कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. हे मी मंडळात कोणाला सांगितलेलं नाही. बसने गेलो, बाहेरच्या बाकावर थोडा बसलो, काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवलं आणि आत शिरलो. काउंटरवर मेघना बसलेली. ही मेघना पुण्याची, नवरा कॉम्प्युटरमध्ये, मंडळात सूत्रसंचालन करते, इंग्रजी अशी बोलते की गोरे बघत राहतात. एकदा मंडळात मी 'सर्टिफिकीट' म्हटलं होतं तेव्हा तिच्या मैत्रिणी तोंड फिरवून हसल्या होत्या. ती हसली नव्हती, पण मी तिलाही त्यांच्यातच धरत होतो. मला बघून ती उभीच राहिली. "अहो काका! इकडे कुठे आज?" खिशात ते पत्र होतं. त्यावर हात होता. आता हिला सांगायचं की मी, जो मंडळात सगळ्यांना ज्ञान शिकवतो, त्याला फुली आणि बरोबर यांतला फरक कळत नाही... हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचेल. मी म्हटलं, "काही नाही, कचऱ्याच्या बिनच्या पिशव्या घ्यायला आलो." तिने खालून पिशव्यांचा एक रोल काढून दिला, आणि म्हणाली, अजून काही मदत लागली तर सांगा हं काका. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो. रोल काखेत, पत्र खिशात. बसमध्ये मी स्वतःला सांगितलं, उद्या येतो. उद्या तिची ड्यूटी नसेल. उद्या गेलो नाही. परवाही गेलो नाही. मधल्या गुरुवारी गुडघ्याचं कारण सांगून दत्तूकडेही गेलो नाही. मग अकरा दिवस संपले.

बाराव्या दिवशी मी दत्तूकडे जाऊन सांगितलं, "कौन्सिलने डाव केला. आपण नाही म्हटलं होतं, त्यांनी हो करून घेतलं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असू दे, भाऊ. त्यांच्या मनात असेल तर आपण काय करणार?" मला वाटलं, सुटलो.

डेपोने त्याला एक घड्याळ दिलं आणि पिवळं जाकीट परत घेतलं. एकरकमी पैसे मिळाले ते कविताच्या शिक्षणात गेले. मग तो बिस्किटांच्या वेअरहाउसमध्ये एजन्सीतर्फे लागला. सकाळी फोनवर मेसेज आला तर काम, नाही आला तर नाही. मेसेजमधला आकडा त्याला वाचता यायचा. पाच वाजता उठून तो फोन मांडीवर घेऊन बसायचा, सुलोचना सांगते, फोन पेटला की त्याचाही चेहरा पेटायचा. अशी दहा-अकरा वर्षं. कंत्राटदाराचा टँकर वर्षातून दोनदा यायचा, कधी एकदाच. एका ऑक्टोबरात बाजाराच्या कोपऱ्यावर पाणी तुंबलं होतं, दुकानदार झाडू घेऊन उभे होते, आम्ही दोघं भाजी घेऊन चाललो होतो. दत्तूने पिशवी माझ्या हातात दिली, पँट वर दुमडली, त्या पाण्यात शिरला आणि टाचेने दोनदा ठोकलं. पाण्याखाली काय आवाज येणार? पण त्याला आला असावा. "पूर्ण भरलीय, भाऊ." त्याने एका दुकानातून लोखंडी सळई मागितली, जाळी उचलली, कोपरापर्यंत हात घालून पानं आणि चिखल काढला. पाणी घळघळ करत उतरलं. दुकानातल्या बाईने विचारलं, "तू कौन्सिलचा का?" तो म्हणाला, "होतो." ती म्हणाली, "मग सोडलंस का?" दत्तूने हात पँटला पुसले. मी शेजारी उभा होतो, दोन्ही हातांत पिशव्या. तो म्हणाला, "पाय दुखत होते." त्याचे पाय कधीच दुखत नव्हते. दुखायचे ते माझे.

त्याच्या पुढच्या गणपतीत मी ती गोष्ट आणखी रंगवून सांगितली. कौन्सिलने कागद बदलला, सही खोटी केली, इथपर्यंत गेलो. दत्तू शेजारी खुर्चीवर बसून प्लेटमधला मोदक फोडत होता. कोणी त्याला विचारलं, खरं का हो? तो म्हणायचा, "भाऊ सांगतोय ना." बस, एवढंच. मी त्याला साक्षीदार करून टाकला होता.

क्रियाकर्माच्या हॉलमध्ये कविता बोलायला उभी राहिली. इंग्रजीत बोलली, मग आईसाठी थोडं मराठीत. म्हणाली, "कौन्सिलने बाबाला चीट केला. त्या वेळी फक्त भाऊकाका बाबाच्या बाजूला उभी राहिली." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात झटकला नाही. त्या क्षणी मी उठलो असतो तर... पण मी उठलो नाही. मान खाली घालून बसलो, आणि लोकांना वाटलं म्हातारा रडतोय.

तेरावं झाल्यावर मी सुलोचनेकडे गेलो. गुरुवार नव्हता. ती कपडे घडी करत होती, दत्तूचे शर्ट. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फुली, पत्र, चौदा दिवस. तिने घडी करणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "टेरीचा फोन आला होता तेव्हा. तुम्हाला ठाऊक नाही."

"कोणाला? दत्तूला?"

"यांनाच, घरच्या फोनवर. टेरी म्हणाला, अर्ज तूच केलायस, खरंच जायचंय का, अजून कागद मागे घेता येतो. यांना निम्मं कळलं, निम्मं नाही. पण अर्ज तूच केलायस, हे कळलं. टेरीला म्हणाले, ब्रदर रीड, ब्रदर नो मिस्टेक. फोन ठेवला आणि इथे खुर्चीत बसले. मी म्हटलं, अहो, त्या मेघनाला तरी दाखवू, नाहीतर कविताला फोन करू. तर म्हणाले, दुसऱ्या कोणाला दाखवलं तर भाऊचा कमीपणा होईल. कागद भाऊने घरी नेलाय, तो करेल काहीतरी." तिने शर्टाची कॉलर सरळ केली. "रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बघायचे तुम्ही येताय का. चौदा दिवस. कुठे होतात तुम्ही, भाऊ?"

मी म्हटलं, "कौन्सिलच्या काउंटरपर्यंत जाऊन आलो, सुलोचना."

"मग?"

"बिनच्या पिशव्या घेऊन आलो."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यातल्या अर्ध्या तुम्ही मला दिल्या होत्यात. मी म्हटलं होतं, भाऊ आमची किती काळजी घेतात." आणि मग तिचा आवाज चढला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तुमचा मान राखायला माझा नवरा बिस्किटांची खोकी उचलत राहिला. पहाटे पाचला फोन मांडीवर घेऊन बसायचा. आणि तुम्ही माईकवर गोष्टी सांगत होतात. मला सांगून काय होणार आता? ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांच्यासमोर बोला. आणि कविताला मी सांगेन. ते तुम्ही नका सांगू, तुम्ही रंगवून सांगता."

म्हणून हे लिहिलं. रंगवलं नाही, माझ्या परीने. कविताला आईने सांगितलं, तिने मला फोन केलेला नाही. करणार नाही असं दिसतं. तिच्या जागी मी असतो तर मीही केला नसता. दत्तूने मला ओळखलं होतं का, की शेवटपर्यंत खरंच विश्वास होता, हे मी रोज स्वतःला विचारतो. विश्वास होता असं धरलं तर मी त्याला बुडवला. ओळखलं होतं असं धरलं तर त्याने मला चौदा दिवस दिले आणि मी ते पिशव्यांवर घालवले. दोन्हीकडून मीच सापडतो.

गेल्या गुरुवारी सुलोचनेचा फोन आला, मी तर धरून चाललो होतो की त्या घराचं दार मला बंद झालं. "पत्र आलंय, पेन्शनवाल्यांचं. या." एवढंच बोलून फोन ठेवला. मी गेलो. खिचडी नव्हती, चहाही नव्हता. दत्तूची खुर्ची खिडकीशी होती तशीच, पाठीवर त्याचा स्वेटर. टेबलावर पत्र. चार पानं, विधवेला मिळणाऱ्या पेन्शनचं असावं. तिने ते माझ्यासमोर सरकवलं आणि समोर उभी राहिली. "वाचा."

मी चष्मा लावला. पत्र लांब धरलं. पहिली ओळ वाचली. शेवटच्या ओळीकडे नजर आपोआप जायला लागली, ती आवरली. दुसरी ओळ वाचायला घेतली, एका शब्दावर अडलो, पुन्हा वाचला, पुन्हा अडलो. मी पत्र खाली ठेवलं, चष्मा काढला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालोय. म्हटलं, "सुलोचना, मला हे वाचता येत नाही."

तिने घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "कविता सहाला येते. ती वाचेल."

मी काठी घेतली. म्हटलं, "मग मी निघतो. तिला मी नको असेन इथे."

"नको असालच," ती म्हणाली. "बसा."

सहा वाजायला चाळीस मिनिटं होती. मी बसलो. तीही बसली. पत्र आमच्या दोघांच्या मधे उघडं पडलं होतं, खिडकीशी त्याचा स्वेटर, आणि आम्ही दोघंही बाहेरच्या रस्त्याकडे कान लावून.